प्रमाण आणि बॉबिन

बदलापूरच्या घरी आमच्या आईचे उषा कंपनीचे पायाने चालणारे शिवणयंत्र अजून आहे. बॉबिन हरवली की आम्हांस लोकलने अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरला धाडले जाई. दुकानदार यंत्र कोणत्या कंपनीचे, हे कधीच विचारीत नसे. ‘घरचं की कारखान्याचं?’ एवढाच त्याचा प्रश्न.

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, हे आम्हांस पुढे कळले. सिंगरच्या ‘१५ क्लास’ यंत्राची बॉबिन सुमारे २० मिलिमीटर व्यासाची. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांनी तोच नमुना समोर ठेवून सुट्या भागांची मापे एकसारखी केली. आपल्याकडे उषानेही तीच बॉबिन स्वीकारली. प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रे अशी एका मापावर आली आणि गिऱ्हाइकाची पायपीट वाचली.

एकदा घाईत आम्ही कारखान्याची बॉबिन आणली. जीन्स शिवणाऱ्या यंत्रांची ही बॉबिन दिसायला जवळपास तशीच, पण उंचीने दोनएक मिलिमीटर कमी. खाली दोऱ्याचा गुंता झाला आणि कुणाचे तरी ब्लाउज आई रात्री उशिरापर्यंत उसवत बसली. ‘अरे, माप म्हणजे माप,’ एवढेच ती म्हणाली.

ते वाक्य आम्ही फार मनावर घेतले. पुढे मराठीचे अध्यापक झालो आणि साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियम, १९७२ ची त्यांतील भर, सारे लाल शाईने राबविले. अंबरनाथच्या एका विद्यार्थ्याने निबंधात आजीचे बोलणे तिच्या आगरी बोलीतच लिहिले होते. आम्ही ते ओळ न् ओळ ‘शुद्ध’ केले. पुढच्या निबंधात आजी नव्हती. नंतरही ती कधी आली नाही.

वास्तविक ते नियम लेखनाचे. बोलीस अशुद्ध ठरविण्याचा अधिकार त्यांनी आम्हांस दिलेला नव्हता. नागपूरच्या वाचकास बदलापूरचे लिखाण अडखळल्याविना वाचता यावे, यासाठी ऱ्हस्व-दीर्घाचे माप हवेच. त्याविषयी आमचे मत आजही बदललेले नाही. परंतु कंपन्यांनी एक केले ते बॉबिनचे माप. तिच्यावर कोणता दोरा भरायचा, ते आईच ठरवीत असे.

एवढी साधी गोष्ट उमगेपर्यंत तो मुलगा वर्गातून निघून गेला होता.