ताईच्या पोटावरचा वण

माझ्या पोटात उजवीकडे, जांघेच्या जरा वर, ताईची किडनी आहे. माझ्या जुन्या दोन्ही आक्रसून जागच्या जागी बसल्या आहेत. त्या सहसा काढत नाहीत. म्हणजे मी तीन किडन्यांचा आणि ताई एकीची.

२०११ साली आम्ही अंमळनेरहून सुरतला आणि तिथून गाडी बदलून नडियादला गेलो. ताईच्या सासरी धुसफुस होती. सगळ्यांनी आमच्या अण्णांची कूस पाहिली होती ना! अण्णांचा मुतखडा जुन्या पद्धतीने काढलेला. बरगडीखालून पुढे आलेली वीतभर शिवण, तिथलं पोट कायमचं सैल, थंडी पडली की ठणका. ‘बाईमाणसाचं असं करणार?’ सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर पोट काढून समजावलं. दुर्बिणीने करताना तीन-चार भोकं पाडतात. पण किडनी मुठीएवढी. ती धक्का न लागता बाहेर यायला वेगळा छेद लागतोच. मग घ्यायचाच आहे तो छेद बेंबीत घ्यायचा आणि दुर्बीण, कात्री, चिमटे त्याच वाटेने आत सोडायचे. मात्र अवजारं एकमेकांना अडतात, म्हणून काही बाकदार लागतात. ‘एका मोरीत चार जावा भांडी घासायला बसल्यासारखं,’ ताई म्हणाली. डॉक्टर गुजराती, त्यांना मोरी समजावताना माझी तारांबळ उडाली.

दुर्बिणीतून पहिली किडनी १९९० साली अमेरिकेत, सेंट लुइसला, डॉ. राल्फ क्लेमन यांनी काढली, हे मी पुढे वाचलं. ती ८५ वर्षांच्या एका आजींची होती, आणि त्या जवळजवळ सात तास टेबलावर होत्या. त्या वयात त्यांनी हो म्हटलं! ताईला हात जोडताना त्या आजीही मनात येतात.

ताईचा वण बेंबीच्या घडीत गडप झाला. माझ्या पोटावर मात्र धनुष्यासारखा, ठसठशीत.

परवा तिच्याकडे भिशीच्या बायका जमल्या होत्या. किडनी दिल्याचं निघालं. एकीने पदराआडून बेंबी निरखली नि म्हणाली, ‘कुठं काय दिसतंय?’ ताईने स्वयंपाकघरातूनच मला हाक मारली, ‘अरे, इकडे ये. सदरा वर कर जरा, यांना दाखव.’