गोष्टीतून पियानो : काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा वाडा



पियानो किंवा साधा कीबोर्ड शिकायला बसवलेलं सहा-सात वर्षांचं मूल थोड्याच दिवसांत "मला नाही जायचं" म्हणायला लागतं. त्यामागे आळस नसतो. समोर एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांची लांबच लांब रांग असते. त्यातली कोणती दाबायची ते कळत नाही, आणि चुकलं की सगळ्या घराला ऐकू जातं. चित्र चुकलं तर वही मिटता येते, चुकलेला सूर लपवता येत नाही. मूल सोडून जातं ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर. म्हणून सुरुवात गोष्टीने करा.

मात्र एक अट आहे. गोष्ट नुसती करमणुकीची नको, ती पट्टीच्या जागेशी बांधलेली हवी. परीची छान गोष्ट सांगितली आणि मग "आता सी वाजव" म्हटलं, तर मुलाला परी आठवते, सी सापडत नाही.

वाड्याची गोष्ट

काळ्या पट्ट्या नीट बघा. त्या दोन, तीन, दोन, तीन अशा गटांनी येतात. दोन काळ्या म्हणजे ओसरीवर बसलेले आजी आणि आजोबा. त्यांच्या मधली पांढरी पट्टी डी, म्हणजे दोघांच्या मध्ये बसलेली दीदी. आजीच्या डावीकडे सी, दाराशी बसलेला सिंबा कुत्रा. आजोबांच्या उजवीकडे ई, धाकटा ईशान.

पुढच्या तीन काळ्या पट्ट्या म्हणजे परसातली तीन झाडं. पहिल्या झाडाच्या अलीकडे एफ, मग झाडांच्या मध्ये जी आणि ए, आणि शेवटच्या झाडापलीकडे बी. या चौघांची नावं मुलांनाच ठेवू द्या. नाव अक्षराशी जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तरी बिघडत नाही. जागा मात्र पक्की हवी.

आता विचारा, "सगळ्या दीदी शोधून दाखव." 61 पट्ट्यांच्या नेहमीच्या कीबोर्डवर पाच वाडे असतात आणि उजव्या टोकाला एकटा सिंबा उरतो. 88 पट्ट्यांच्या पियानोवर वाडे सात. त्याच्या डाव्या टोकाला वाड्याचा थोडासा तुकडा असतो, तो मुलांनाच शोधू द्या. या खेळात चूक झाली तर "चुकलं" म्हणावं लागत नाही. "अगं, दीदी झाडावर चढली की!" एवढं पुरतं. मूल हसतं आणि स्वतःच तिला ओसरीवर आणून बसवतं. चूक मुलाची न राहता दीदीची होते, आणि हात पुन्हा पुढे येतो. माझ्या मते गोष्टीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

बोटं, मात्रा आणि आवाज

पियानोत बोटांना आकडे असतात. दोन्ही हातांचा अंगठा 1 आणि करंगळी 5. घरात पेटी असेल तर इथे गोंधळ होतो, कारण आपल्याकडे "काळी एक", "पांढरी चार" हे आकडे पट्टीचे असतात. तेव्हा आधीच सांगून टाका : पेटीत आकडा घराचा, पियानोत आकडा चालणाऱ्याचा. पेटी वाजवताना डावा हात बहुतेक भात्यावर असतो, इथे त्यालाही सूर वाजवायचे असतात. म्हणून त्याला गोष्टीत मानाचं काम द्या. डावा हात म्हणजे सावकाश चालणारे आजोबा, उजवा हात म्हणजे बडबडी दीदी.

मात्रा शिकवताना आजोबांचं एक पाऊल चार मात्रांचं, आजीचं दोन, दीदीचं एक. आधी वर्गात चालून बघा, मग वाजवा. मध्ये थांबायचं असेल तिथे लपाछपी : श्वास रोखून गप्प. शांतता हीसुद्धा मोजायची असते, हे मुलांना यातून पटकन कळतं.

हळू-जोरात वाजवण्यासाठी पाळण्यातलं बाळ आणा. बाळ झोपलंय, हळू. जागं झालं, आता जोरात! 1700च्या सुमारास इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडवलं ते याच करामतीसाठी. 'पियानो' या इटालियन शब्दाचा अर्थच 'हळू' असा आहे. फक्त एक काळजी घ्या. काही स्वस्त कीबोर्डवर पट्टी कशीही दाबली तरी आवाज तेवढाच येतो. हा खेळ अशा कीबोर्डवर घेऊ नका, मूल उगाच हिरमुसतं.

हा पोरखेळ आहे का?

"गोष्टी पुरे, गाणं कधी वाजवणार?" असं पालक विचारतात. त्यांना शूमानचं उदाहरण द्या. 1848 मध्ये या जर्मन संगीतकाराने मुलांसाठी पियानोच्या छोट्या रचनांचा संग्रह केला. त्याची सुरुवात थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी लिहिलेल्या रचनांपासून झाली. त्यात 'आनंदी शेतकरी' आहे, 'रानटी घोडेस्वार' आहे. नाव वाचताच कसं वाजवायचं ते मुलाला अर्धं समजतं.

तरीही, गोष्ट सरावाची जागा घेत नाही. रोज दहा मिनिटं बसावंच लागतं. आणि गोष्ट कधी सोडायची तेही आपल्याला कळायला हवं. मूल सिंबाला न आठवता थेट सीवर बोट ठेवू लागलं की वाडा रिकामा करायची वेळ आली. तो आपणहून काढून घेऊ नका. एक दिवस मूलच म्हणेल, "बाई, आता दीदी नको, डीच म्हणूया."

त्या दिवशी गोष्टीचं काम झालं असं समजा आणि स्वरलिपीचं पान उघडा. या आठवड्यात तुमच्या वर्गात एक वाडा बांधून बघा, आणि परसातल्या त्या चौघांना मुलांनी काय नावं ठेवली ते जरूर कळवा.