हातावर पोट असलेलं घड्याळ

लक्ष्मी रोडवरच्या त्या दुकानात मी शिरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काचेच्या कपाटातली सेलची घड्याळं चावी बाहेर ओढून दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवून ठेवली होती. शेजारच्या खणात ऑटोमॅटिक घड्याळं होती. ती जिथे दम संपला तिथे थांबलेली. एक पावणेनऊवर, एक बारा पाचवर. मी ज्याच्यासाठी गेले होते ते सहा वाजून बावीस मिनिटांवर झोपलं होतं. त्याला कोणी थांबवलं नव्हतं. त्याला हात मिळाला नव्हता, एवढंच.

"साहेबांसाठी बघताय का, मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"नाही, माझ्यासाठी."

त्यांनी ते अलगद बाहेर काढून मखमली ट्रेवर ठेवलं. पांढरी डायल, काळे रोमन आकडे, तपकिरी चामड्याचा पट्टा. "हे मागच्या कॅटलॉगमधलं. आता डायल बदललीय. दोन वर्षं पडून आहे आमच्याकडे, म्हणून पंचवीस टक्के सोडतोय. तुकडा मात्र कोरा आहे."

पडून आहे. हा शब्द मला चांगला ओळखीचा. एकोणतीस वर्षं मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची एक पट्टी चिकटवलेली असते. कुणी पुस्तक नेलं की तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का बसतो. काही पट्ट्या शिक्क्यांनी काळ्यानिळ्या होऊन जातात. काही मात्र वीस वर्षांनंतरही कोऱ्याच असतात. अशी पुस्तकं हातात घेतली की मला नेहमी प्रश्न पडतो, याला जुनं म्हणायचं की नवं? छपाईचं साल जुनं, कागद पिवळा, पण पानं एकमेकांपासून अजून सुटलेलीही नसतात. ते पुस्तक जुनं झालेलं नसतं. त्याचं वाचणं अजून सुरूच झालेलं नसतं.

सहा बावीसवर थांबलेल्या त्या घड्याळाची पट्टीही कोरी होती. पंचवीस टक्के कमी झाले होते ते त्याच्या नवेपणाच्या बातमीचे. घड्याळातलं काही कमी झालं नव्हतं.

आपल्याकडे घड्याळ ही घ्यायची वस्तू नव्हती, ती मिळायची. मुलगा मॅट्रिक झाला की मामाकडून, नोकरी संपली की कचेरीकडून, आणि लग्नात सासऱ्यांकडून. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी जावयाला घड्याळ घातलं. भविष्य निर्वाह निधीतून उचल काढून घेतलेलं, सोनेरी पट्ट्याचं, सेलचं. ह्यांनी ते फार जपलं. इतकं, की रोज घालायला साधं घड्याळ घेतलं आणि ते कपाटात ठेवलं, चांगल्या प्रसंगासाठी. चांगले प्रसंग वर्षातून दोन-तीनच येतात. मग कधीतरी सेल संपला, तो बदलायचा राहिला, आतल्या आत पाझरला आणि मशीन गंजलं. दुरुस्ती करणाऱ्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं तेव्हा हिरवट पूड दिसली. वडील गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. ह्यांनी ते झाकण पुन्हा बंद करून घेतलं आणि घड्याळ तसंच डबीत ठेवलं. त्या दिवसापासून मनात होतं, घड्याळ घेईन तर असं, ज्याला माझ्याखेरीज कुणाची गरज नाही.

म्हणून ऑटोमॅटिक. आणि स्विस म्हणजे आपल्या आवाक्याबाहेर, हा समजही वर्षभर माहिती गोळा करता करता गळून पडला. हे घड्याळ तिसोचं. दुकानात सगळे टिसॉट म्हणतात. त्याची किंमत सवलतीनंतरही आमच्या घरात विचार करायला लावणारी होती, पण स्विस घड्याळांच्या जगात ते साध्या माणसाचं घड्याळ मानलं जातं. डायलवर खाली तिरक्या अक्षरांत एका गावाचं नाव आहे, ल लोक्ल. या मॉडेलचंही नाव तेच.

ल लोक्ल हे ज्युरा पर्वतातलं, साडेनऊशे मीटरच्या आसपास उंचीवरचं गाव. हिवाळा लांब, बर्फ दाट, शेतीची कामं महिनोन्महिने बंद. रिकामे हात गप्प बसत नाहीत. अठराव्या शतकात या डोंगरातल्या शेतकऱ्यांनी हिवाळ्यात घड्याळाचे भाग घडवायला सुरुवात केली. कुणी चाकं कापायची, कुणी स्क्रू करायचे, कुणी काटे. तिथे एक गोष्ट सांगतात. घोड्यांच्या एका व्यापाऱ्याचं घड्याळ बंद पडलं आणि दानिएल जाँरिशार नावाच्या लोहारकाम जाणणाऱ्या पोरानं ते उघडून दुरुस्त केलं, मग तसंच दुसरं स्वतः घडवलं. गोष्टीत दंतकथेचा भाग असेल, पण या माणसाचा पुतळा ल लोक्लमध्ये उभा आहे. शेजारचं ला शो-द-फाँ १७९४च्या आगीत जळालं आणि पुन्हा बांधताना आखीव समांतर रस्त्यांचं झालं. घरांच्या रांगा अशा ठेवल्या, की खिडकीशी बसून काम करणाऱ्याच्या हातावर उजेड पडावा. कार्ल मार्क्सनं 'भांडवल' लिहिताना या अख्ख्या गावाला घड्याळाचा एकच कारखाना म्हटलं. ही दोन्ही गावं २००९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. महाल नाही, मंदिर नाही, किल्ला नाही. कामगारांची घरं आणि त्यांच्या उजेडाच्या खिडक्या, हाच वारसा.

याच ल लोक्लमध्ये १८५३ साली शार्ल-फेलिसियाँ तिसो आणि त्यांचा मुलगा शार्ल-एमिल यांनी आपला धंदा मांडला. ते साल अजून डायलवर छापतात. आपल्या आजोबांच्या पिढीनं ज्याचं नाव आदरानं घेतलं ते फेव्हर ल्यूबाही मूळचं याच गावचं, आणि एकोणिसाव्या शतकातच ते मुंबईच्या बाजारात पोचलं होतं. त्यामुळे डायलवरचं ते गाव मला अगदी परकं वाटलं नाही. आपल्या मनगटांची आणि त्या डोंगराची ओळख जुनी आहे.

दुकानदारांनी घड्याळ उलटं केलं. मागची बाजू काचेची. आत अर्धचंद्रासारखं एक वजन एका टोकाला लटकल्यासारखं दिसत होतं. हा रोटर. आपण हात हलवला की तो फिरतो, त्याच्या फिरण्यानं चाकं फिरतात आणि मुख्य स्प्रिंग आवळली जाते. ती आवळलेली स्प्रिंग हळूहळू सुटत राहते आणि केसासारख्या बारीक दुसऱ्या स्प्रिंगच्या तालावर बॅलन्सचं चाक मागेपुढे डोलतं. या मशीनमध्ये तासाला २१,६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला सहा. जिथे धातू घासेल तिथे कृत्रिम माणकं बसवलेली असतात. सेल नाही, वायर नाही. चालणाऱ्या हातानं स्वतःपुरती शक्ती बाजूला काढून द्यायची आणि घड्याळानं तिच्यावर गुजराण करायची. आपली आपण चावी भरून घेणारं असं घड्याळ अठराव्या शतकात ल लोक्लच्याच अब्राहम-लुई पेरले यांनी केलं, असं मानतात.

रोजच्या कमाईवर ज्याचं घर चालतं त्याचं पोट हातावर आहे असं आपण म्हणतो. हात थांबला की चूल थांबली. त्या काचेतून आत बघताना मला वाटलं, या घड्याळाचं पोट असंच हातावर आहे. फक्त याच्या घरात थोडी शिल्लक असते. जुन्या मशीनमध्ये साधारण दीड दिवसाची असायची. या मशीनचं नाव पॉवरमॅटिक ८०, कारण पूर्ण चावी भरली की ते ऐंशी तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी उतरवून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालूच सापडतं. ही शिल्लक वाढवायला कारागिरांनी ठोक्यांची गती तासाला २८,८०० वरून २१,६०० वर आणली. घाई कमी केली आणि आयुष्य लांबवलं.

हे घड्याळ आज माझ्यासारखीला परवडतं, त्यामागे एक मोठं दुःख आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोनं क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. ते महिन्याकाठी सेकंदांच्या हिशेबात चुकायचं, आणि क्वार्ट्झ घड्याळं लवकरच फार स्वस्त झाली. १९७०च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या धंद्यात सुमारे ९०,००० माणसं होती. पंधरा वर्षांत त्यातली निम्म्याहून जास्त घरी बसली. आमच्या पिढीनं गिरणगावातले भोंगे बंद होताना ऐकले, त्यामुळे त्या खिडक्यांमागची रिकामी टेबलं कशी दिसली असतील हे मला कुणी सांगायला नको. १९८३ साली निकोलस हायेक यांच्या सल्ल्यानं बुडत्या कंपन्यांचे दोन मोठे समूह एकत्र आले. तिसो त्यातच होती. त्याच वर्षी प्लॅस्टिकचं, स्वस्त, रंगीत स्वॉच आलं. त्यानं धंद्याला श्वास दिला. पुढे चावीची घड्याळं परतली तेव्हा मशीन एका ठिकाणी मोठ्या संख्येनं बनवायचं आणि वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत बसवायचं, या व्यवस्थेमुळे काहींची किंमत मध्यमवर्गाच्या जवळ आली. खरी मोठी सवलत ती होती. दुकानदारांनी दिली ती तिच्यावरची.

मग मी माझं काम केलं. वॉरंटी कार्डावरचा क्रमांक घड्याळाच्या पाठीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. दुकान अधिकृत विक्रेत्याचं असल्याची खात्री आधीच केली होती. कारण सवलत पाहून हुरळून जायचं आणि पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं हात वर करायचे, असं व्हायला नको. वॉरंटी आजपासून मोजायची, दोन वर्षांपूर्वीपासून नाही, हे बोलून घेतलं. पडून राहिलेल्या मशीनमधलं तेल सुकू शकतं, म्हणून पहिल्या महिन्यात वेळ फारच पुढे-मागे गेली तर विनामूल्य तपासायचं, हेही बिलाच्या मागे लिहून घेतलं. दुकानदार हसले नाहीत की वैतागले नाहीत. "असं विचारणारं गिऱ्हाईक घड्याळ सांभाळतं," एवढंच म्हणाले.

त्यांनी चावीला वीसेक फेरे दिले. सेकंद काटा निघाला. सेलच्या घड्याळासारख्या उड्या नव्हत्या, तो सरकत चालला होता, पाण्यावरून पान जावं तसा. त्यांनी तीन वाजून चाळीस मिनिटं लावली आणि कार्डावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारला. तो आवाज मी एकोणतीस वर्षं ऐकत आले आहे. कोऱ्या पट्टीवर पहिला शिक्का पडला होता.

घरी आल्यावर ह्यांनी ते बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाले, "छान आहे. लग्नकार्यात काठाच्या साडीवर शोभेल. लॉकरमध्ये ठेवू या."

बोलणं प्रेमाचंच होतं. अशा घड्याळाला ड्रेस वॉच म्हणतात, चांगल्या कपड्यांवर, प्रसंगी घालायचं. पण मला माझ्या आईची पैठणी आठवली. तिनं ती आयुष्यात पाच-सहा वेळा नेसली आणि एरवी मलमलीत गुंडाळून, तळच्या ट्रंकेत जपली. ती माझ्याकडे आली तेव्हा घड्यांच्या रेघांवर जर तुटली होती, रेशीम विरलं होतं. नेसून झिजली असती तर वाईट वाटलं नसतं. ती ठेवून फाटली. आपल्या घरांतून किती गोष्टी अशा ठेवून संपल्या! पाहुण्यांसाठीचा कपबशांचा सेट, रुखवतातली चांदीची वाटी, कोरी पुस्तकं, आणि डबीतलं ते गंजलेलं घड्याळ.

म्हणून मी ते लॉकरमध्ये दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, कुठलाच सण नव्हता. सुती साडीवर ते बांधून मी कामावर गेले. दिवसभरात शंभरेक पुस्तकं फडताळांत जातात, वरच्या खणाला हात उंचवावा लागतो, खालच्याला वाकावं लागतं. मधूनच मनगट कानाशी नेलं की आत रोटर सरकल्याची बारीक सळसळ ऐकू येई. पुस्तक जागेवर गेलं की घड्याळाच्या पोटात एक घास जात होता.

आता आठ महिने झाले. ते दिवसाला सात-आठ सेकंद पुढे जातं. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ही चूक दहा हजारांत एक भागही होत नाही. रविवारी सकाळी मी ते रेडिओच्या बातम्यांशी जुळवते. काचेवर अजून ओरखडा नाही, ती नीलमणी काच आहे. पट्ट्यावर मात्र घामाचे डाग पडलेत. पावसाळ्यात ते पिशवीत जातं, कारण पाणी तीस मीटरपर्यंत सोसेल असं कंपनीनं म्हटलं तरी त्याचा अर्थ हात धुताना उडालेल्या पाण्यापुरताच असतो. चार-पाच वर्षांनी तेलपाणी करावं लागेल, त्यासाठी महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकते.

तुम्हीही असं घड्याळ घ्याल, किंवा तुमच्या कपाटात कुणी दिलेलं एखादं असेलच. चावीचं असेल तर उद्या सकाळी चावी द्या. सेलचं असेल तर आधी जुना सेल काढून टाका. आणि मग कुठल्याही साध्या दिवशी ते हातावर बांधा. चांगला प्रसंग येईपर्यंत थांबू नका.