सांगावें कीं न सांगावें?

माझीं छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलीं. कोणत्याही प्रश्नावर शास्त्राचा आधार सांपडला कीं प्रश्न सुटला, अशी मनाची खोड त्या व्यवसायानें लागते. तिचें प्रायश्चित्त मला कसें घडलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

सहा वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बंधूंस यकृताचा कर्करोग असल्याचें निदान झालें. डॉक्टरांनीं दादांना बाहेर बसवून तें मला व पुतण्याला सांगितलें. दादांस कांहीं कळवूं नये, असें मीं ठरविलें. पुतण्याचें मन कचरूं लागलें, तेव्हां मीं चरकसंहिता पुढें केली. मृत्यूचीं चिन्हें दिसत असलीं तरी वैद्यानें विचारल्यावांचून तें बोलूं नये. आणि विचारलें तरी जेथें रोग्याला अथवा दुसऱ्या कोणाला आघात होईल तेथें बोलूं नये, असें इंद्रियस्थानांत स्पष्ट आहे. पुतण्या गप्प बसला.

पुढें एके संध्याकाळीं दादांनीं मला जवळ बोलाविलें. म्हणाले, “तूं माझ्याशीं कधीं खोटें बोलला नाहींस. मला झालें आहे तरी काय?”

मी म्हणालों, “साधी कावीळ आहे, दादा.”

त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि कूस बदलली. पुन्हां त्यांनीं तें विचारलें नाहीं. दोन महिन्यांनीं ते गेले.

गेल्या वर्षीं माझीच पाळी आली. आंतड्याच्या तपासणीचा अहवाल घेऊन मुलगा आंत निघाला व मला बाहेरच बसावयास सांगूं लागला. डॉक्टरीणबाई वयानें माझ्या विद्यार्थिनींत शोभण्यासारख्या, परंतु त्यांनीं मलाही आंत बोलाविलें, दार लोटलें, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलें, “सर, आपल्याला काय झालें असावें, असें आपल्याला वाटतें?” मीं माझी शंका सांगितली. “सगळें आपण स्वतः ऐकणार, कीं मुलाला सांगूं?” मी म्हणालों, “मलाच सांगा.” तेव्हां त्या सावकाश म्हणाल्या, “वार्ता चांगली नाहीं. हा कर्करोग आहे.” आणि थांबल्या. माझे डोळे भरून आले, ते पुसून होईपर्यंत त्या कांहींएक बोलल्या नाहींत. मग शस्त्रक्रिया केव्हां, औषधें कोणतीं, हें त्यांनीं कागदावर लिहून दिलें.

पुढें त्यांच्याकडूनच कळलें कीं, ही रीत डॉक्टरांना शिकविली जाते. बेली, बकमन व त्यांचे सहकारी यांनीं 2000 सालीं तिच्या सहा पायऱ्या मांडल्या: एकांत साधणें, रोग्याला काय ठाऊक आहे तें विचारणें, त्याला किती ऐकावयाचें आहे तें विचारणें, मग सांगणें, त्याच्या भावनेला वाव देणें आणि शेवटीं पुढील उपाय आंखणें. अमेरिकेंत 1961 सालीं 219 डॉक्टरांस विचारलें असतां सुमारें नव्वद टक्क्यांचा कल न सांगण्याकडे होता. 1979 सालच्या पाहणींत सत्याण्णव टक्क्यांचा कल सांगण्याकडे झाला. अठरा वर्षांत नियम उलटला! परंतु या बाईंनीं दोहोंपैकीं कोणताच नियम मजवर लादला नाहीं. त्यांनीं मला विचारलें.

नवा धडा घेण्यापूर्वीं मुलांना काय येतें तें विचारावें, हें मी जन्मभर करीत आलों. दादांपाशीं मात्र तें मला सुचलें नाहीं.

शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडल्या पडल्या चरकाचें तें स्थळ मीं पुन्हां वाचलें. तेथें पहिली अट विचारण्याची आहे. दादांनीं तर विचारलें होतें. दुसरी अट आघाताची. ती ठरविण्यासाठीं दादांचें मन पाहावयास हवें होतें. मीं पाहिलें तें माझें. त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारण्याचें धैर्य मला नव्हतें, आणि त्या भित्रेपणाला मीं शास्त्राचें पांघरूण घातलें.

त्या संध्याकाळीं दादांना पुढें काय बोलावयाचें होतें, तें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. कोणा वाचकाच्या घरीं असा प्रसंग आलाच, तर सांगावें कीं न सांगावें, हा प्रश्न त्यानें शास्त्राला अथवा नातलगांना न विचारतां आधीं रोग्यालाच विचारावा, एवढीच विनंति.