तांबडी रेघ

लोणारास आमच्या धाकट्या भगिनीचें सासर आहे. तेथें गेलेला मनुष्य प्रथम विवराकडे धांवतो, आणि तें योग्यच; उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेला सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा कांहीं रोज पाहावयास मिळत नाहीं. २०२० च्या जूनमध्यें त्यांतील खारें पाणी गुलाबी झालें, तेव्हां महामारीच्या वार्तांतूनही त्यास जागा मिळाली. आम्ही मात्र गेल्या श्रावणांत भगिनीच्या परसांत, हातीं विजेरी घेऊन, गांडुळांची वाट पाहत रात्रीं उकिडवे बसलों होतों.

गांडुळास डोळे नसतात, तरी त्याच्या त्वचेंतील, विशेषतः पुढच्या टोंकाकडील, पेशींना उजेड कळतो व तें त्यापासून पळतें, हें आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. तेंच जेवतांना भाचीस सांगितलें. ती म्हणाली, “मामा, त्याला भूक लागली असेल तरीसुद्धां?” आम्हीं घास गिळला आणि विषय बदलला.

बदलण्यास कारण होतें. फार वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें होतें कीं, खाण्यांत गुंतलेलें गांडूळ दिव्यास जुमानत नाहीं. आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली. पुढें डार्विनचें गांडुळांवरील १८८१ चें पुस्तक सबंध वाचलें. मृत्यूच्या आदल्या वर्षीं प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकांत तो मातीच्या कुंड्या खोलींत ठेवून रात्रीं त्यांवर उजेड पाडतो. आणि पान ओढण्यांत वा खाण्यांत गढलेलीं गांडुळें पुष्कळदां त्याची दखल घेत नाहींत, असें नमूद करतो. त्यावरून या प्राण्यास अवधान, म्हणजे मनाचा कांहीं अंश, असावा असें त्यास वाटलें. आतां तो विद्यार्थी कोठें गांठावा?

विवराचा परिसर २००० सालापासून अभयारण्य. तेथील मातीस हात लावणें नको. म्हणून परसांतीलच ओली माती, शेणखत आणि पपईचीं कुजकीं पानें कुंडींत घातलीं. विजेरीस तांबडा कागद गुंडाळला, कारण तांबड्या उजेडाची गांडुळांना फारशी बाधा होत नाहीं. कंदील घेतला असता तर त्याच्या उष्णतेनेंच घोटाळा केला असता.

कागद काढतांच एक गांडूळ सर्रकन् बिळांत गेलें. आमचीं तीस वर्षें वांचलीं. दुसरें पानाच्या कडेस तोंड लावून होतें. तें हाललें नाहीं! कडक उन्हांत सांपडल्यास हाच जीव थोड्या वेळांत मरतो, तेव्हां त्याचें उजेडाचें भय कांहीं पोकळ नव्हे. भाची आंकडे मोजूं लागली. ती एकशें वीसपर्यंत आली, तेव्हां तें पानासह किंचित् मागें सरलें.

“मामा, मग त्या मुलाला किती गुण द्यायचे?”

वाट पाहतां पाहतां आम्ही तिच्याजवळ सारें बोलून गेलों होतों. प्रश्न दोन गुणांचा होता. आम्हीं अर्धा दिला होता.