शत्रूला ठेवलेली नावं

जालना,
सप्टेंबर

प्रिय सखी,


तुझं पत्र परवा हाती पडलं. लेकीच्या शाळेत दोन महायुद्धांचा अभ्यास चालू आहे. पुस्तकात टॉमी, जेरी, फ्रिट्झ अशी नावं भेटली आणि तिने तुला विचारलं, आपल्याकडच्या लढायांत समोरच्या सैनिकांना काय म्हणायचे? तू तो प्रश्न माझ्याकडे पाठवलास, फार बरं केलंस. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण असा प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला. तेव्हा पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस आणि निवांत वाच.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करते. असई तुला आठवत असेल. भोकरदनच्या पलीकडे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेची दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या फौजेशी तिथे गाठ पडली. वेलस्ली जिंकला, पण त्याची सुमारे सोळाशे माणसं मेली किंवा जखमी झाली. सगळ्यांत जास्त होरपळली ती ७४ वी हायलँडर पलटण, स्कॉटलंडच्या लोकांची. पुढे १८८१ मध्ये ती दुसऱ्या एका पलटणीत मिसळली आणि तिची हायलँड लाइट इन्फन्ट्री झाली. ती तर तुमच्या ग्लासगोचीच पलटण! तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर खाली एक हत्ती आहे आणि त्याच्या वरच्या पट्टीवर आपल्या असईचं नाव आहे. लेकीला एखाद्या संग्रहालयात नेशील तेव्हा तो बिल्ला नक्की दाखव.

मराठी कागदपत्रांत या गोऱ्यांना ‘टोपीकर’ म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक या सगळ्यांना मिळून हेच नाव आहे. पागोट्यांच्या मुलखात परक्याची पहिली नजरेत भरणारी वस्तू म्हणजे त्याची टोपी, म्हणून तीच त्याची ओळख झाली. आता असईच्या मैदानात कोण कुठे उभं होतं ते बघ. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती होता पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. म्हणजे टोपीकर आपल्याही बाजूला होता. आणि वेलस्लीच्या फौजेत बहुसंख्य माणसं मद्रासकडचे शिपाई आणि म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडेस्वार, म्हणजे हिंदीच. टोपणनावाने दोन बाजूंमध्ये जी रेघ ओढली होती, ती प्रत्यक्ष रणांगणावर कुठेच सरळ नव्हती. लेकीने आपल्या वहीत पहिली नोंद हीच करावी असं मला वाटतं.

‘फिरंगी’ हे नाव याहून जुनं. पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांवरून अरबांनी धर्मयुद्धांच्या काळात सगळ्याच पश्चिमी ख्रिस्त्यांना तसं म्हणायला सुरुवात केली. ते नाव फारसीतून हिंदुस्थानात उतरलं आणि मराठीत मुख्यतः पोर्तुगिजांना चिकटलं. पुढे ते माणसांपुरतं राहिलंच नाही. युरोपी पात्याच्या तलवारीला आपण ‘फिरंग’ म्हटलं, आणि परक्यांबरोबर आलेल्या उपदंशाला वैद्यांनी ‘फिरंग रोग’ म्हटलं. गोव्यातल्या लोकांनी पोर्तुगीज गोऱ्यासाठी ‘पाखलो’ हा आपला वेगळा शब्द ठेवला, तो १९६१ मध्ये पोर्तुगीज गेल्यावरही तिथल्या तोंडी आहे. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंचांच्या ‘गार्द’वरून, म्हणजे पहाऱ्याच्या शिपायावरून आला. पानिपतावर आपल्या बाजूने प्राण देणारा इब्राहिमखान गारदीच, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारणारेही गारदीच. एका नावाखाली दोन्ही मावले. आणि असईत शिंद्यांच्या बाजूला बेगम समरू नावाच्या बाईच्या पलटणी होत्या, त्यातला ‘समरू’ म्हणजे तिचा जोडीदार वॉल्टर राइनहार्ट. त्याच्या काळवंडलेल्या चेहऱ्यावरून युरोपियनांनी त्याला ‘सोंब्र’ म्हटलं, हिंदी तोंडात त्याचा समरू झाला, आणि तेच नाव त्या कर्तबगार बाईने आयुष्यभर मिरवलं.

आता दुसरा प्रकार बघ. एका टोळीचं किंवा एका माणसाचं नाव उचलायचं आणि सगळ्यांना लावून टाकायचं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे अफगाण समोर होते, त्यांना आपण आजही ‘गिलचे’ म्हणतो. हे नाव घिलझाई टोळीचं. पण त्यांचा बादशहा अहमदशाह होता अब्दाली टोळीचा, आणि या दोन टोळ्यांचं आपापसांत जुनं वैर! इंग्रजांनी नेमकं हेच १८५७ मध्ये केलं. मंगल पांडेला ८ एप्रिलला फाशी दिलं आणि त्यानंतर उठावातल्या प्रत्येक शिपायाला ते ‘पँडी’ म्हणू लागले. कुणी अवधचा, कुणी बिहारचा, कुणी हिंदू, कुणी मुसलमान, सगळे पँडी. पहिल्या महायुद्धात फ्रिट्झ हे जर्मन घराघरांतलं साधं नाव अख्ख्या जर्मन फौजेचं झालं. उलट दिशेने जर्मनांनी इंग्रज सैनिकाला हाक मारली ‘टॉमी’. हे नाव मात्र इंग्रजांच्या घरचंच. त्यांच्या युद्धकचेरीने १८१५ च्या सुमारास सैनिकांच्या हिशेबवहीचा नमुना भरून दाखवला, त्यात सैनिकाचं नाव घातलं टॉमस ॲटकिन्स. दंतकथा अशी सांगतात की हे नाव वेलस्लीने, म्हणजे तोवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या असईच्याच सेनापतीने सुचवलं. १७९४ मध्ये बॉक्सटेलच्या लढाईत जखमा होऊनही न कण्हता मेलेल्या एका शिपायाचं ते नाव म्हणे. इतिहासकार ही गोष्ट खरी मानत नाहीत. पण सामान्य शिपायाचं नाव थोर सेनापतीच्या आठवणीतून आलं असावं, असं लोकांना वाटावंसं वाटलं, ही गोष्ट मला हृद्य वाटते. खुद्द वेलिंग्टनही टोपणनावातून सुटला नाही. हिंदुस्थानात लढलेला म्हणून नेपोलियनने त्याला ‘शिपायांचा सेनापती’ म्हणून हिणवलं, आणि शेवटी वॉटर्लूवर त्याच्याकडूनच हार खाल्ली.

‘जेरी’बद्दल दोन मतं आहेत. एक, ‘जर्मन’चाच तो लाडका अपभ्रंश. दुसरं, १९१६ नंतरचं जर्मन शिरस्त्राण इंग्रजांना घरातल्या लघवीच्या भांड्यासारखं दिसायचं आणि त्या भांड्याला बोलीत जेरी म्हणत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा वीस लिटरचा पत्र्याचा डबा इतका उत्तम निघाला की इंग्रजांनी त्याची नक्कल केली आणि नाव ठेवलं जेरीकॅन. आपल्याकडे शेतावर डिझेल नेतात तो जेरीकॅन हाच, बरं का! डबा घेताना आपल्याला कुणा जर्मन शिपायाची आठवण होत नाही, इतकं ते नाव निरुपद्रवी झालं आहे. पण सगळ्याच नावांचं असं होत नाही. २७ जुलै १९०० रोजी ब्रेमरहाफेन बंदरात जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म चीनवर निघालेल्या आपल्या सैनिकांपुढे बोलला. अटिलाच्या हूणांसारखी दहशत बसवा, असा त्या भाषणाचा आशय होता. १९१४ मध्ये इंग्रजांनी त्याचंच बोलणं उचललं आणि सगळे जर्मन ‘हूण’ झाले. भित्तिपत्रकांवर राक्षस रंगवले गेले. राजाच्या फुशारकीचं ओझं खंदकातल्या पोरांनी वाहिलं.

लेकीला कदाचित वाटेल की नावं ठेवणारे आपण आणि ठेवून घेणारे दुसरे. म्हणून हे मुद्दाम लिहिते. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी आपलं जालना लुटलं. तेव्हा हा मुलूख मोगलांचा, पेठ श्रीमंत. मोगलांच्या फारसी लिखाणात मराठ्यांना ‘गनीम’ म्हटलेलं असतं, म्हणजे लुटारू शत्रू. तो शब्द आपण हिसकावून घेतला. आज ‘गनिमी कावा’ म्हणताना आपली छाती फुगते.

पण दुसरं एक नाव आहे, त्याने छाती फुगू नये असं मला मनापासून वाटतं. ते म्हणजे ‘बर्गी’. आपल्या घोडदळात ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार, आणि ज्याला दोन्ही सरकारातून मिळायचं तो बारगीर. साधं नोकरीचं नाव. १७४२ मध्ये रघूजी भोसले (पहिले) यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेल्या. पुढे अशा स्वाऱ्या १७५१ च्या तहापर्यंत चालल्या. त्या तहात बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने ओरिसा सोडला आणि बारा लाखांची चौथ कबूल केली. आपल्या पुस्तकांत हा पराक्रम एका ओळीत येतो. बंगालच्या खेड्यांत मात्र घरं जळली, धान्य गेलं, बायकांची अब्रू गेली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ते सगळं ‘महाराष्ट्र पुराणा’त लिहून ठेवलं आहे. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. आणि बारगिराचा बर्गी झाला. तिथल्या आया आजही बाळाला निजवताना जे अंगाईगीत म्हणतात, त्यात बर्गी आल्याची भीती आहे. आपण पोरांना बागुलबुवा येईल म्हणतो ना, त्यांचा बागुलबुवा आपण आहोत. तिथे महाराज, पेशवे, भोसले कुणाला माहीत नव्हते. गावावर चालून आलेला स्वार तेवढा माहीत होता.

हे मला नीट कळलं ते घरातल्या ‘रझाकार’ या शब्दामुळे. अरबी-फारसीतला त्याचा अर्थ स्वयंसेवक. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या, निजामाच्या बाजूच्या संघटनेने ते नाव स्वतःसाठी अभिमानाने घेतलं. आमच्या आजीच्या तोंडी तो शब्द आला की आवाज बदलायचा. घोड्यांच्या टापा ऐकल्या की भरल्या ताटावरून उठून बाया-पोरं वऱ्हाडाच्या हद्दीकडे, देऊळगाव राजाच्या वाटेला कशी लागायची, ते ती सांगायची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या, हीच पोलीस ॲक्शन, आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. आपण त्या दिवशी झेंडावंदन करतो ते त्यासाठीच, आणि ते मनापासून करावं. पण त्याच वेळी रझाकार हे नाव एका संघटनेपुरतं उरलं नाही. ते दाढी आणि टोपी बघून लावलं गेलं. पंडित सुंदरलाल समितीने नंतर अंदाज दिला की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यांत भीषण प्रकार उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांत झाले. त्या माणसांत रझाकार किती आणि आपल्या शेजारचे विणकर, मजूर, दुकानदार किती? ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. आपल्या नावाच्या चौकटीत त्यांना कुठे बसवायचं? हाच शब्द १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी सैन्याच्या मदतनीस दलाने घेतला, आणि बांगलादेशात तो आजही सगळ्यांत जहरी शिवी आहे.

इतकं लिहून झाल्यावर माझं म्हणणं थोडक्यात सांगते. शिपाई समोरच्याला नाव ठेवतो कारण नाव-गाव-आईबाप असलेल्या माणसावर बंदूक रोखणं कठीण असतं. टोपीवर, टोळीवर, भांड्यावर ते सोपं जातं. रणांगणावरच्या शिपायाला मी त्याचा दोष देणार नाही, त्याला जगायचं असतं. पण लढाई संपल्यावर ते नाव गावात आणलं, शेजाऱ्याला लावलं, पोरांना शिकवलं, की ती जबाबदारी आपली, शिकवणाऱ्यांची. म्हणून मुलांना गिलचे सांगताना बर्गीही सांगावा. आजीची पळापळ सांगताना शोएबुल्ला खानही सांगावेत. यातलं एक सांगून दुसरं गाळलं तर तो इतिहास होत नाही, वैर होतं.

तेव्हा लेकीला सांग, वहीत आपल्याकडची नावं जरूर लिही, पण यादीत पहिलं नाव बर्गी घाल, आणि त्याच्यापुढे स्वच्छ लिही की हे नाव आमचं आहे. वर्गात एखादं बंगाली किंवा बांगलादेशी पोर असेल तर ते अंगाईगीत त्याच्या तोंडून ऐक आणि मला कळव. डिसेंबरात येणार आहात ना? असईला जाऊ, वाटेत भोकरदनला माझ्या माहेरी जेवू. येताना त्या हत्तीच्या बिल्ल्याचा फोटो तेवढा आण, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना दाखवायचा आहे.

भावोजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. उत्तर लवकर लिही.

तुझीच,
जालन्याची मैत्रीण