दस्ता आणि दस्तऐवज

आमच्या वडिलांच्या पश्चात जी जंगम मालमत्ता आमच्या वाट्याला आली, तीत एक रायफल आहे. उभा जन्म काव्यशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाच्या घरात, मम्मट आणि विश्वनाथ ज्या खोलीत नांदतात त्याच खोलीतल्या कुलूपबंद कपाटात ती असावी, ह्याचा आमच्या विद्यार्थ्यांना जितका अचंबा वाटतो तितकाच आम्हांलाही वाटतो. वारस म्हणून परवाना मिळावा यासाठी आम्ही अर्ज केला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्रही ह्या वयात मिळवले. त्या प्रशिक्षणात आमची जी त्रेधा उडाली तिची कथा पुन्हा केव्हातरी.

रायफल ३१५ बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. घडण लष्कराच्या ली-एनफिल्डची. पण लष्कराचे ३०३ काडतूस सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून त्याच यंत्रणेला वेगळ्या मापाची नळी देऊन ती नागरी ग्राहकांसाठी केलेली. एका अर्थी मूळ संहितेचा सरकारमान्य पाठभेदच. वडिलांनी ती कोकणातल्या आमच्या बागेत रानडुकरांचा उपद्रव होता त्या काळात घेतली. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आमच्या घरी तरी तिला वर्षातून एकदा तेल पाजण्यापलीकडे काम उरले नाही.

ह्या जातीच्या रायफलीचे लाकूडकाम एकसंध नसते. खांद्याला टेकतो तो मागचा दस्ता वेगळा असतो आणि एका लांब बोल्टने आवळून बसवलेला असतो. आमच्या रायफलीचा हा दस्ता मनगटासारख्या बारीक भागाशी तडकलेला आहे. आम्ही शाळेत असताना ती माडीच्या जिन्यावरून खाली आली, तेव्हाची ती चीर. वडिलांनी आळीतल्या सुतारांना बोलावले; दोघांनी मिळून चिरेत सरस भरला आणि वर पितळी तार घट्ट गुंडाळली. ती तार आता काळवंडली आहे. खरे सांगायचे तर ती आम्हांला कधीच आवडली नाही. एखाद्या सुबक हस्तलिखितावर कुणी खाकी कागदाची चिकटपट्टी लावावी तशी ती दिसते.

आमचा भाचा अमेरिकेत ओहायोत असतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याने एका दुकानातल्या दस्त्याचे छायाचित्र पाठवले. अक्रोडाचे लाकूड, मधासारखा रंग, मुठीच्या जागी जाळीदार कोरीव नक्षी. दूरध्वनीवर तो म्हणाला, “मामा, जानेवारीत येतोय, तेव्हा घेऊन येऊ का? बॅगेत मावेल. लाकूडच तर आहे, नुसतं दिसण्यापुरतं.” आम्ही जवळजवळ ‘आण’ म्हणालोच होतो. जिभेवर आलेला तो शब्द का परतला हे आज सांगता येणार नाही. बहुधा परवान्याच्या निमित्ताने सोसलेल्या हेलपाट्यांची आठवण झाली असावी. आमचा एक जुना विद्यार्थी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्याला विचारले. तो म्हणाला, “सर, त्याला म्हणावं थांब. आणि तुम्ही संध्याकाळी माझ्याकडे या.”

त्या संध्याकाळी आम्ही १९५९चा शस्त्र अधिनियम वाचला. व्याख्यांचे कलम आम्ही सहज ओलांडून जाणार होतो. विद्यार्थ्याने बोट ठेवून थांबवले. शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भाग येतात. अग्निशस्त्राच्या व्याख्येत पुन्हा, स्वतंत्रपणे, अग्निशस्त्राचे भाग येतात. कोणते भाग, किती महत्त्वाचे, याबद्दल तेथे अवाक्षर नाही. नळीही भाग, चापही भाग आणि दस्ताही भागच. म्हणजे ‘नुसतं दिसण्यापुरतं’ हे जे विशेषण भाच्याने दस्त्याला लावले होते, त्याला ह्या संहितेत जागाच नव्हती.

आम्ही चिडलो. आनंदवर्धनाने अंगी आणि अलंकार यांचा विवेक केला आहे. अलंकार अंगांच्या आश्रयाने राहतात, हातातल्या कड्यासारखे, असे त्याचे म्हणणे. कडे काढले म्हणून हात जात नाही. नक्षीदार दस्ता हे कडेच नव्हे काय? विद्यार्थी शांतपणे म्हणाला, “सर, दस्त्याशिवाय नेम धरून दाखवा.” ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुळात फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. दस्ता म्हणजे हाताने धरायची जागा. आम्ही ज्याला कडे म्हणत होतो त्याच्या नावातच हात होता. (दस्तखत आणि दस्तऐवजही त्याच हातातून आलेले, त्या दोहोंनी पुढे आमचा पिच्छा पुरवलाच.)

मग कलम ४५ आले. हा अधिनियम कोठे लागू नाही ते सांगणारे हे कलम आम्हांला सबंध कायद्यातले सर्वांत वाचनीय वाटले. त्यातली एक सवलत शस्त्राच्या किरकोळ भागांना आहे. आम्ही हर्षभरित झालो, पण वाक्य संपले नव्हते. किरकोळ भाग बाळगण्यास हरकत नाही. मात्र स्वतःजवळच्या किंवा दुसऱ्या कुणाजवळच्या पूरक भागांसह तो वापरण्याचा हेतू नसला पाहिजे. तोच दस्ता कुणी निव्वळ संग्रहासाठी दिवाणखान्यात टांगला तर कदाचित निर्दोष. आमच्या घरी आला तर, कपाटात रायफल असल्यामुळे, सदोष. वस्तू तीच, लाकूड तेच, नक्षी तीच. बदलतो तो केवळ संदर्भ. शब्दाचा अर्थ वाक्यातल्या इतर पदांच्या आकांक्षेवर अवलंबून असतो हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते कुणी आमच्यावरच लागू करील अशी कल्पना नव्हती.

पुढे आयातीचे कलम १०. शस्त्र देशात आणण्यास परवाना हवा. परंतु ज्याला ते बाळगण्याचा अधिकार आहे त्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात आणले तर ह्या कलमाखाली वेगळ्या परवान्याची गरज नाही. येथे पुन्हा एकदा आशा पालवली. परवाना आहे, वापर खासगी आहे आणि एका दस्त्याहून वाजवी प्रमाण ते कोणते? विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारले. परवाना कुणाचा? आमचा. बॅग कुणाची? भाच्याची. तो स्वतःच्या वापरासाठी आणणार नव्हता आणि त्याच्याजवळ परवानाही नव्हता. शिवाय आमच्या परवान्यावर एका क्रमांकाची एक रायफल आहे, सुटा दस्ता नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका आली तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत वस्तू अडकवून ठेवण्याची मुभा त्याच कलमात आहे. “वस्तू अडकली तर ठीक, सर. मुलगा अडकला तर?” विद्यार्थी एवढेच म्हणाला. आमची बहीण हयात नाही. तिच्या मुलाला एका नक्षीसाठी विमानतळावरच्या कोठडीत पाठवण्याच्या आम्ही किती जवळ गेलो होतो, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले.

भाच्याने मात्र हार मानली नाही. त्याने आणखी एक तोड काढली. कोरलेला दस्ता नको, तर नुसता अक्रोडाचा ठोकळा आणतो. लाकडाला कोण विचारतो? त्या निमित्ताने सीमाशुल्काचे वर्गीकरण चाळले. लाकूड आणि लाकडी वस्तू ४४व्या प्रकरणात येतात, पण बंदुकीचे भाग त्या प्रकरणातून मुद्दाम वगळून ९३व्या, म्हणजे शस्त्रांच्या प्रकरणात, ९३०५ ह्या शीर्षकाखाली घातले आहेत. अर्धवट घडलेल्या वस्तूत पूर्ण वस्तूचे मूळ स्वरूप उतरले असेल तर ती पूर्णच समजावी, असा अर्थ लावण्याचा नियमही आहे. तेव्हा ठोकळा हे लाकूड, दस्ता हे शस्त्र. आणि ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी किकऱ्याचा एक घाव आहे, ज्यासरशी लाकूड लाकूडपण सोडते. तो घाव नेमका कोणता, ह्यावर आम्ही दोघांनी चहाचे तीन पेले रिचवले.

भाच्याकडून कळले की तिकडेही सारे मोकळे नाही. अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण सूचीत दस्त्याला आणि त्याच्यामागच्या गादीलासुद्धा जागा आहे. आणि ज्या जातीच्या अर्धस्वयंचलित रायफली आयात करण्यास तेथे मनाई आहे, तशी रायफल परदेशी भाग जुळवून देशातच बनवण्यावर १९९०च्या कायद्याने बंधन घातले. नियमात २० भागांची यादी आहे, तीत दस्ताही आहे आणि मॅगझिनची तळपट्टीही. ह्यांपैकी दहाहून अधिक भाग परदेशी असता कामा नयेत. आमच्यासारख्या हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीला तो नियम लागत नाही. पण दोन्ही संहितांचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. त्यांचा नियम मोजतो, आपले कलम मनातला हेतू विचारते. आम्हांला मोजणारा बरा वाटला, कारण त्याच्यापुढे खोटे बोलावे लागत नाही.

मग दस्ता येथेच, ओळखीच्या सुताराकडून करून घ्यावा? विद्यार्थ्याने कलम ५ काढले. अग्निशस्त्र बनवणे तर सोडाच, त्या धंद्यात दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. रायफल परवानाधारक कारागिराकडेच न्यायला हवी. हे ऐकताना आम्ही एकदम गप्प झालो. सरसाचा वास, जिन्याखालचा कंदील, एका हाताने तारेचे टोक धरून बसलेले वडील आणि दुसरे टोक ताणणारे सुतार. वडिलांना कायदा ठाऊक नव्हता असे म्हणवत नाही. ते त्या काळी गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देत. विद्यार्थ्याने आमच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुस्तक मिटले. त्या दुरुस्तीबद्दल त्याने काही विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.

भाचा जानेवारीत आला तो बदाम आणि चॉकलेटे घेऊन. त्याने रायफल पाहायला मागितली तेव्हा ती घरी नव्हतीच. स्थानिक निवडणुकांमुळे परवान्यावरची शस्त्रे जमा करण्याचा आदेश आम्हांला आला होता आणि ती पोलीस ठाण्यात होती. पावती तेवढी दाखवली. त्यावर बोअर, क्रमांक आणि कारखाना लिहून झाल्यावर ठाण्यातल्या हवालदाराने ओळखीच्या खुणेच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले होते, दस्त्यास पितळी तार.